बापू, तुमचे धडे अजून येतायत

बापू, आज सकाळी पुन्हा तुमचा आवाज आला. मी डब्यात भाजी भरत होते, फोन ओट्यावर होता आणि तुम्ही नेहमीसारखा घसा खाकरून म्हणालात, "काय गड्यांनो, वाडा कुठं हाय आज?" तुमचा दहावा होऊन गेला. त्या दिवशी घाटावर मी स्वतः उभी होते. आणि तुम्ही आपले रोज सकाळी मुलांना विचारताय, वाडा कुठं हाय. गेल्यावर तरी माणसानं जरा गप्प बसावं.

यात तुमचा दोष नाही, ते कळतंय मला. ही करामत आपल्या केंद्रप्रमुख साहेबांची. तालुक्याला तुमची शोकसभा झाली. गेल्या वर्षी हंगामात निम्मा पट गैरहजर कसा, म्हणून ज्यांनी तुमच्याकडून लेखी खुलासा मागितला होता, तेच साहेब सगळ्यांत जास्त वेळ बोलले. 'तंत्रस्नेही शिक्षक', 'दीपस्तंभ', सगळं बोलून झालं. तुमच्या फोटोला हार होता आणि हाराच्या खाली चौकोनी काळा-पांढरा कोड चिकटवला होता. त्यावर फोन धरला की तुमचा धडा वाजायचा. फुलं वाहायला आलेली माणसं फोटोसमोर फोन रोखून उभी. मला आधी हसू आलं आणि लगेच रडू आलं. तुम्ही असतात तर माझ्या कानाशी लागून म्हणाला असतात, "बाई, उदबत्तीला जागा ठेवलीया का बघा."

त्या सभेतच 'स्मृती ध्वनिपाठमाला' जाहीर झाली. रोज सकाळी तुमचा एक जुना धडा सगळ्या ग्रुपवर. मुलांच्या आई-बापांच्या फोनवर चालणाऱ्या आपल्या 'वाड्यावरच्या शाळे'च्या ग्रुपवरसुद्धा. साहेबांना त्या ग्रुपमध्ये आपणच घेतलं होतं, तपासणीच्या वेळी दाखवायला बरं म्हणून. आता भोगा.

बापू, हा ग्रुप कशासाठी होता हे त्या सभेत एकालाही नीट सांगता आलं नाही. म्हसवडच्या पुढं माळावरची आपली दोन खोल्यांची, दोन शिक्षकांची शाळा. पटावरची निम्मी मुलं मेंढपाळांची. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड चढवून ही माणसं मेंढरं घेऊन निघणार, कुणी कोरेगावाकडं, कुणी खंडाळ्याकडं, कुणी खाली सांगलीच्या नदीकाठाला, आणि पाऊस तोंडावर आला की परतणार. जिथं रात्रीचा मुक्काम तिथं वाघर लावायची, म्हणजे मेंढरांभोवती जाळी ओढायची, आणि तोच त्यांचा वाडा. दोन-चार दिवसांनी तो उठायचा आणि पुढच्या रानात बसायचा. मुलं दिवाळीला मुळाक्षरं घेऊन जायची आणि आषाढात कोरी परत यायची. मुलींचं तर आणखी वाईट. त्या गावात यायच्या, पण शाळेत यायच्या नाहीत. एकदा कोकरं राखायला हाताशी आल्या की आई-बाप तरी कशाला सोडतील? मी या शाळेत आल्यापासून अशा किती मुली हातून निसटल्या, ते तुम्हाला आणि मला ठाऊक.

यावर उपाय म्हणून आपल्याला काय काय नाही मिळालं! भिंतीएवढा टीव्ही आला. त्याला तुमच्या घरून वहिनींनी जुन्या साडीचं फुलाफुलांचं कव्हर शिवून दिलं, कारण वीज असायची कमी आणि धूळ असायची जास्त. टॅब आले, ते कपाटात कुलपात, फुटले तर भरपाई कोण देणार म्हणून. प्रशिक्षणं तर विचारूच नका. एका प्रशिक्षणात तो साताऱ्याचा तरुण तज्ज्ञ सांगत होता, मुलांना व्हिडिओ पाठवा, त्यावर ऑनलाइन चाचणी घ्या. तुम्ही मागच्या बाकावरून हात वर केलात. "साहेब, आमची पोरं रातीला रानात आस्त्यात. फोन एक, तो आयच्या बटव्यात. चार्जिंग रस्त्यावरच्या टपरीत. तुमचा इडो फिरत बसतोय नुसता, भवऱ्यावानी." तो म्हणाला, मग ऑफलाइन वर्कशीट द्या. तुम्ही म्हणालात, "ती कोकरं खात्यात." सगळा हॉल हसला. मला मात्र तुमचा राग आला होता, कारण चहाच्या वेळी तो बिचारा माझ्यापाशी येऊन, मॅडम माझं काही चुकलं का, असं विचारत होता.

पण परतताना एसटीत तुम्ही फोन उलटासुलटा करून बघत होतात. दहिवडी सोडल्यावर म्हणालात, "बाई, इडो जात न्हाई. पर आवाज जातोय की." दुसऱ्या दिवशी पहिला धडा गेला. मिनिटभराचा. त्यात धडा नव्हताच, नुसता प्रश्न होता. वाडा कुठं हाय, आणि बसल्या जागेवरनं काय काय दिसतंय?

मला ते वेळ घालवणं वाटलं होतं. मग उत्तरं यायला लागली. मागं मेंढरांचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं, वारा, आणि त्यातून मुलांचे ओरडून बोललेले आवाज. उसाचं कापलेलं रान हाय मास्तर. देवळाची कमान हाय. वाचता येतंय का तिच्यावरचं? येतंय थोडं. मग वाच, आन आडलेलं अक्षार काठीनं मातीत काढून आयला दाव. एकीनं सांगितलं, इथं काहीच न्हाई, नुसती वाघर हाय. तुम्ही म्हणालात, मग वाघरीचीच घरं मोज. आडवी किती, उभी किती? समदी घरं एकेक मोजायची न्हाईत बरं का, युगत काढ. ती मुलगी म्हणजे आपली काजल, तिसरीतली. गुणाकार तिला तुम्ही त्या जाळीवर शिकवलात. पाठ्यपुस्तकातली टोपल्यांतल्या आंब्यांची चित्रं दाखवून दाखवून मी थकले होते.

खरं सांगू? माझा पुरता विश्वास बसला तो माहेरी. संक्रांतीनंतर हळदीकुंकवाला मी कोरेगावला गेले, तर आमच्याच रानात काजलचा वाडा बसलेला. आमचे नाना लष्करातून निवृत्त झालेले, कुणी रानात उगाच उभं राहिलेलं त्यांना खपत नाही. तावातावानं गेले. "ए पोरी, जाळीत बोटं घालून काय करतीयास?" काजल मागं न बघता म्हणाली, "आवं आजोबा, बोलू नगा, आमचा तास चाललाय." नानांना कुणी असं गप्प केलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं बघते तर ते जाळीच्या अलीकडून मोजतायत आणि ती पलीकडून, आणि दोघांचं उत्तर जुळेना म्हणून वाद! घरी आल्यावर म्हणाले, "आसला मास्तर आमाला घावला असता तर म्या सुभेदार हूनच आलो असतो." हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही नुसतं "व्हय का" म्हणालात. पण दोन दिवस शाळेत शीळ घालत होतात, ते मी ऐकलं होतं.

आणि मग आपलं ते भांडण. मी म्हणायची, बापू, हे सगळं नीट साठवा. इयत्ता, विषय, घटक असे फोल्डर करा, नावं द्या. एकशिक्षकी शाळेवरची ती नवी मुलगी रोज मला फोन करते, मॅडम काही साहित्य आहे का. तिनं काय करायचं? चार वर्ग एकटीनं सांभाळायचे आणि रोज नवा धडा सुचवून घ्यायचा? तुमच्यासारखं सगळ्यांना सुचत नाही. तर तुम्ही ऐकणार नाही. तुमचा फोन भरला की तुम्ही खुशाल धडे पुसून टाकायचात. "बाई, शिळ्या भाकरीचा काला लय ग्वाड लागतोय, पर शिळा धडा लागत न्हाई." कारण काय, तर धडा त्या दिवशीच्या मुलाच्या उत्तरावर उभा असतो. उत्तर बदललं की धडा गेला. मी म्हणायची, हा तुमचा हट्ट आहे, आणि त्यात थोडा गर्वसुद्धा आहे. तुम्ही मिशीत हसायचात आणि खडू उचलून वर्गात जायचात. वर्गात शिरलं की भांडण बंद, हा आपला नियम. त्यामुळं ते कधी संपलंच नाही.

मी मात्र गुपचूप साठवत होते. तुम्ही पाठवलं की मी ठेवून घ्यायचे. नावं दिली, घटक लिहिले. आज तुमचा आवाज या जगात शिल्लक आहे तो माझ्या फोल्डरमुळं, हे जरा ऐकून ठेवा.

तुमच्या छातीत दुखत होतं ते मात्र तुम्ही कुणाला सांगितलं नाही. पायऱ्या चढताना थांबायचात, मी विचारलं की म्हणायचात, पित्त हाय. वहिनी म्हणाल्या साताऱ्याला दाखवून या, तर परीक्षा होऊ दे. मी म्हटलं तर, पोरं परत येऊ द्यात. बापू, मुलांना एकेक गोष्ट नीट बघून सांगायला लावणारा माणूस स्वतःच्या दुखण्याकडं अशी डोळेझाक कशी करतो? याचा राग माझ्या मनातून जात नाही. वहिनी रडतात. मला आता रडू येत नाही, मला भांडायचंय.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी काजलच्या आईला, हिराबाईला फोन लावला. त्यांचा वाडा तेव्हा पार वाईच्या अलीकडं होता. बातमी ऐकून तिनं आधी पोरांना मेंढरांकडं पिटाळलं. मग म्हणाली, "बाई, पोरास्नी तुमी सांगू नगा. समद्या वाड्यांवर म्या सांगती सवडीनं. लय जीव हाय त्यांचा." मी बरं म्हटलं. तेवढंच एक काम माझ्यावरचं कमी झालं, असं वाटलं.

शोकसभेनंतर साहेबांनी फोल्डर मागितला, मी दिला. वाटलं, शिक्षकांच्या उपयोगी पडेल, त्या नव्या मुलीला मिळेल. तिला मिळाला, आणि तिला उपयोगही झाला. परवाच तिनं कळवलं की बापूंची वाघर तिनं तिच्या शाळेच्या खिडकीच्या गजांवर करून बघितली आणि मुलं उड्या मारत होती. तेव्हा भांडणात मी पुरती हरले, असं समजू नका.

पण आपल्या ग्रुपवर काय झालं ते ऐका. पहिल्या सकाळी तुमचा आवाज गेला. वर साहेबांनी काळ्या रिबिनीखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं होतं. हिराबाईला वाचता येत नाही आणि काजलला जोडाक्षरं अडतात. खाली तुमचा प्रश्न, वाडा कुठं हाय? आणि पाठोपाठ मुलांची उत्तरं. पाच-सहा आवाज. धावत धावत बोललेले. मी वर्गात होते. एकेक ऐकलं आणि फोन पालथा ठेवला. काय उत्तर देणार? मुलांना अजून कुणी सांगितलेलं नाही, असं मी धरून चालले होते. तुम्ही आहात असं समजून ती बोलतायत, मग मी मध्येच तोंड घालून काय बोलू?

साहेबांचा लगेच फोन. "मॅडम, प्रतिसाद बघा! पालकसुद्धा ऐकतायत!" मी म्हटलं, साहेब, ही मालिका या ग्रुपवर थांबवा, त्या मुलांना माहीत नाही. तर म्हणाले, "तुमच्या भावना समजतात, पण उपक्रम वरपर्यंत कळवलाय." वरपर्यंत म्हणजे तुमच्यापर्यंत का, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मागल्या वर्षीचा नदीचा धडा गेला. "म्होरं नदी दिसतीया न्हवं? पानी कुठनं येतंय आन कुठं जातंय ते दहा मिनिटं नुसतं बघा." काजलचं उत्तर आलं, "मास्तर, हितं नदी न्हाई. हीर हाय. हिरीचं सांगू का?"

बापू, तुम्ही असतात तर एका श्वासात त्या विहिरीत उतरला असतात. पाणी, सावली, दोराची लांबी, सगळा आठवडा त्या विहिरीत काढला असतात. इथं कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्यासारखा पुढचा धडा, बाजाराच्या हिशेबाचा. शिळा धडा म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. तुम्ही इतकी वर्षं सांगत होतात आणि मी फोल्डरची नावं दुरुस्त करत होते.

मग आवाज कमी व्हायला लागले. आधी खंडाळ्याकडची दोन भावंडं थांबली, मग नदीकाठचा एक. शेवटी एकटी काजल राहिली. तिचंही बोलणं रोज आखूड होत चाललेलं. मला ही वाट पाठ आहे. आज आखूड बोलणार, उद्या बोलणार नाही, आणि आषाढात दप्तराऐवजी काठी हातात. तुमच्या जागेवर 'तात्पुरती व्यवस्था' येणार असं पत्र आलंय, व्यवस्था आलेली नाही. चारी वर्ग माझ्या एकटीच्या गळ्यात. तरी मला रात्रंदिवस टोचत होती ती एकच गोष्ट. ही मुलगी आता जाते.

काल मी ठरवलं, सांगून टाकायचं. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसून बटण दाबलं. पहिल्यांदा बोलले ते तहसील कचेरीतल्या सूचनेसारखं झालं. पुसलं. दुसऱ्यांदा आवाज फुटला. पुसलं. तुमच्यासारखं 'गड्यांनो' म्हणून पाहिलं, ते तर इतकं खोटं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. शेवटी आपल्या घरच्या बोलण्यात सांगितलं. मुलांनो, बापू गुरुजी गेले. रोज येतात ते त्यांचे जुने आवाज आहेत. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून मी बोलले नाही. उद्यापासून धडा मी पाठवणार. एवढं बोलून पाठवून दिलं आणि फोन पदराखाली धरून बसले. वाटलं, आता तिकडं रानात सगळी रडणार.

उत्तर लगेच आलं. काजलचंच. मागं मेंढरं ओरडत होती.

"बाई, आमाला म्हाईत हाय. आयनं त्याच दिशी सांगितलंय, बाकीच्या वाड्यांवर बी फोन केला. समदी पोरं लय रडली. मग परत मास्तरांचा आवाज आला तवा आय म्हनली, ह्यो आदीचा हाय. पर मास्तर इचारत्यात तर गप कसं बसायचं?"

मग मध्येच कुत्र्याला हाड हाड केलं. मला वाटलं संपलं.

"आन बाकीची पोरं म्हनत्यात, आता कोन ऐकतंय. म्या म्हनलं, बाई ऐकत्यात. आय फोनात माज्या आवाजावर बोट दाबून धरती, मग कुनी ऐकलं त्यांची नावं येत्यात. तुमचं नाव रोज येतंय. मग तुमी बोलत का न्हाई?"

बापू, ती तुमच्याशी बोलतच नव्हती. इतके दिवस ती माझ्याशी बोलत होती.

या प्रश्नाचं उत्तर तुमच्या कुठल्याही धड्यात नाही. मी पुन्हा बटण दाबलं आणि म्हटलं, चुकलं गं माझं. आता बोलते. सांग, काय काय आहे तिथं? आणि ती सांगायला लागली. विहिरीपासून सुरू केलं, मग व्यालेल्या मेंढीवर आली, मग टपरीवरच्या पाटीवर. एक संपलं की दुसरं येत होतं. ऐकताना मला कळेना, यातलं कुठलं धरायचं. तुम्ही बरोबर एकच उचलायचात. ते कसं, हे तुम्हाला विचारायचं राहिलं, आणि आता सगळ्या फोल्डरमध्ये शोधलं तरी ते सापडायचं नाही. मी आपली ती टपरीवरची पाटी धरली. वाच बघू काय लिहिलंय, म्हटलं.

ती वाचत राहिली, अडखळत, मी ऐकत राहिले. अंगणातली मुलं खेळता खेळता थांबून माझ्याकडं बघायला लागली, तेव्हा लक्षात आलं, मधली सुट्टी केव्हाच संपली होती आणि घंटा झालीच नव्हती. शाळेत घंटा द्यायला आता मी एकटीच आहे, बापू.